धाकटीला नाव देण्याची घाई

९ मार्च १८९८ रोजी व्हिक्टर लोरे हे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ लक्सरजवळच्या राजांच्या दरीत दुसऱ्या आमेनहोतेपच्या थडग्यात (अभ्यासकांच्या यादीत ‘केव्ही ३५’) उतरले. आतल्या एका बाजूच्या खोलीत जमिनीवर तीन देह शेजारी शेजारी ठेवलेले होते. शवपेट्या नाहीत, नावं नाहीत, गुंडाळलेली कापडं चोरांनी केव्हाच फाडलेली. पहिला देह एका बाईचा, लांब मोकळे केस खांद्यांवर पसरलेले. मधला एका मुलाचा, डोकं तासलेलं आणि एका बाजूला तेवढी बट राखलेली. तिसरा भिंतीकडचा. त्याचंही डोकं तासलेलं, चेहऱ्याची डावी बाजू तोंडापासून गालापर्यंत फुटून भगदाड पडलेलं, आणि जवळच जमिनीवर एक केसांचा टोप. हा पुरुष असावा, असं लोरे यांनी लिहून ठेवलं.

तो पुरुष नव्हता. काही वर्षांनी एलियट स्मिथ या शरीररचनातज्ज्ञांनी नीट तपासणी केली तेव्हा ती तरुण स्त्री असल्याचं स्पष्ट झालं. कैरोच्या संग्रहालयाच्या वहीत तिला ६१०७२ हा क्रमांक मिळाला. लांब केसांची ती ‘थोरली बाई’ आणि ही ‘धाकटी बाई’, असं अभ्यासक म्हणू लागले. इंग्रजीत ते नुसतं ओळखीपुरतं राहतं. मराठीत ‘धाकटी’ म्हटल्याबरोबर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: कोणाची धाकटी? जाऊ, बहीण, लेक की सवत? गेली सव्वाशे वर्षं जग या बाईला हाच एक प्रश्न विचारत आलं आहे, आणि उत्तर मिळण्याआधीच ते जाहीर करण्याची सवय आता फार बळावली आहे. या सवयीला माझा विरोध आहे. धाकटीच्या पाटीवर आज कोणतंही नाव लावू नये, ‘राजा तुतनखामुनची आई’ हे सुद्धा पुराव्याची मर्यादा सांगितल्याशिवाय लिहू नये, आणि ज्या चाचण्यांच्या आधारावर तिची नाती ठरवली जातात त्या दुसऱ्या, स्वतंत्र प्रयोगशाळेत नव्याने व्हाव्यात, असं माझं म्हणणं आहे.

आजवर तिला काय काय म्हटलं गेलं, ते आधी पाहू. २००३ मध्ये जोआन फ्लेचर या ब्रिटिश अभ्यासिकेने ही राजा अखेनातेनची पट्टराणी नेफर्तिती असल्याचं मांडलं. तासलेलं डोकं, जवळ सापडलेला न्युबियन धाटणीचा टोप, कानाच्या पाळीला दोन भोकं, दुमडलेला हात, असे तिचे आधार होते. घोषणा टीव्हीच्या कार्यक्रमासोबत आली. इजिप्तचं पुरातत्त्व खातं संतापलं आणि तिला तिथे काम करायला बंदी झाली. मग फेब्रुवारी २०१० मध्ये इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ झाही हवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा डीएनएवरचा शोधनिबंध अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात धाकटी ही तुतनखामुनची आई ठरली. त्याच दरीतल्या केव्ही ५५ या थडग्यातल्या सांगाड्याचा पुरुष, बहुधा अखेनातेन, त्याचा बाप ठरला, आणि हे दोघं तिसरा आमेनहोतेप व राणी तिये यांची सख्खी मुलं, म्हणजे एकमेकांची सख्खी भावंडं ठरली. या प्रकल्पालाही वाहिनीचं आर्थिक पाठबळ होतं आणि त्याच महिन्यात कार्यक्रमही लागला. २०१८ मध्ये आणखी एका अमेरिकन वाहिनीने धाकटीच्या कवटीवरून चेहरा घडवून घेतला आणि तो नेफर्तितीचा म्हणून दाखवला. म्हणजे एकच बाई पंधरा वर्षांत पुरातत्त्वाच्या बळावर नेफर्तिती झाली, डीएनएच्या बळावर नेफर्तिती असणं जवळजवळ अशक्य ठरली, आणि पुन्हा पडद्यावर नेफर्तिती म्हणून उभी राहिली.

आता त्या डीएनएकडे जरा जवळून पाहायला हवं, कारण ‘डीएनएने सिद्ध झालं’ म्हटलं की आपण पुढे विचारतच नाही.

आपल्या डीएनएत काही ठरावीक जागी एकच छोटा तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा आलेला असतो. कुणात तो नऊ वेळा येतो, कुणात तेरा वेळा. अशा प्रत्येक जागी माणसाकडे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. मुलाच्या आकड्यांतला एक आईत आणि दुसरा बापात सापडलाच पाहिजे. २०१० च्या अभ्यासात अशा आठ जागा तपासल्या. आज जिवंत माणसांच्या पितृत्वाचा वाद असेल तर पंधरा-वीस जागा पाहतात, आणि तो नमुना ताजा असतो. इथे तेहतीसशे वर्षं उष्णतेत राहिलेली, राळेत बुडालेली, गेल्या शतकात कित्येक उघड्या हातांनी हाताळलेली हाडं होती. जुन्या डीएनएवर काम करणाऱ्या इतर शास्त्रज्ञांनी त्याच नियतकालिकात लगोलग पत्र लिहून या निष्कर्षांबद्दल शंका घेतली होती. ते पत्र मात्र कोणत्याही वाहिनीने दाखवलं नाही.

नमुने शुद्ध होते असं धरून चाललो तरी एक अडचण उरतेच, आणि ती मराठी माणसाला चटकन कळेल. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल अनेक घरांत होती, काही ठिकाणी अजून आहे. अशा घरात दोन-तीन पिढ्या आते-मामे भावंडांचीच लग्नं होत गेली, तर शेवटच्या पिढीतल्या नवरा-बायकोच्या रक्तात इतकं साम्य येतं की थोड्याशा आकड्यांवरून ती सख्खी भावंडं की आते-मामे, हे सांगणं कठीण होऊन बसतं. फ्रेंच इजिप्ततज्ज्ञ मार्क गाबोल्द यांनी नेमका हाच मुद्दा मांडला आहे. धाकटी नेफर्तितीच असावी, ती अखेनातेनची बहीण नसून सख्ख्या मामाची किंवा तशाच जवळच्या नात्यातली मुलगी असावी, आणि सलग तीन पिढ्यांच्या अशा लग्नांमुळे आकडे बहीण-भावाचे दिसत असावेत, असं ते म्हणतात.

हा ‘मामा’ कोण, हेही पाहण्यासारखं आहे. राणी तिये ही राजघराण्यातली नव्हती. तिचे आईबाप युया आणि थुया हे अखमीमचे. त्यांचं थडगं १९०५ मध्ये जवळजवळ जसंच्या तसं सापडलं. तियेचा आनेन नावाचा भाऊ नक्की होता. अखेनातेनच्या दरबारातला मातबर अधिकारी आय, जो पुढे स्वतः राजा झाला, तोही तियेचा भाऊ असावा असं पुष्कळांना वाटतं. आयची बायको तेय हिला अखेनातेनच्या राजधानीतल्या, म्हणजे अमार्नातल्या त्यांच्या थडग्यात नेफर्तितीची दाई म्हटलं आहे. दाई म्हणजे जन्म दिलेली आई नव्हे. तेव्हा नेफर्तिती ही आयची आधीच्या बायकोपासून झालेली मुलगी असेल, तर ती अखेनातेनच्या मामाची मुलगी झाली. ही साखळी सुंदर जुळते. पण त्यात दोन ठिकाणी ‘असेल’ आहे, आणि ज्या साखळीत दोन ‘असेल’ आहेत तिच्यावर मी नाव टांगणार नाही. गाबोल्द यांनी सुचवलेलं नावही नाही.

उलट बाजूही तितकीच अडखळते. धाकटी ही खरोखर तिसऱ्या आमेनहोतेपची मुलगी असेल, तर ती नेफर्तिती नव्हे. इजिप्तमध्ये राजाच्या पोटी जन्मलेली बाई ‘राजाची कन्या’ ही पदवी कधी सोडत नसे. लग्न झालं, पट्टराणी झाली, तरी ती पदवी आधी लिहिली जाई. नेफर्तितीच्या नावामागे पदव्यांची भली मोठी रांग आहे, आणि तीत ‘राजाची कन्या’ एकदाही येत नाही. अखेनातेनची दुसरी बायको किया, तिलाही ती पदवी नाही. मग उरतात आमेनहोतेपच्या मुली: सितामुन, इसेत, हेनुत्तानेब, नेबेताह. यांतली कुणी अखेनातेनची बायको होती असं एकाही शिलालेखात नाही. शिवाय केव्ही ५५ मधला सांगाडा अखेनातेनचाच, हेही सगळ्यांना मान्य नाही. काही शरीरतज्ज्ञांनी त्याचं वय विशी-पंचविशीचं सांगितलं, २०१० च्या पथकाने पस्तिशीच्या पुढचं. वय कमी धरलं तर तो त्याच काळातला दुसरा राजा स्मेंखकारे ठरू शकतो, आणि मग धाकटीचा सगळा संसारच बदलतो.

आपण इथे इजिप्शियन भाषेलाही जबाबदार धरायला हवं. तिच्यात नात्यांचे शब्द फार थोडे. ‘सेनेत’ म्हणजे बहीण. पण चुलत, मावस, आते, मामे बहिणीलाही सेनेत म्हणत, भाचीलाही म्हणत, आणि अठराव्या, म्हणजे याच राजांच्या घराण्यापासून बायकोला, प्रेमिकेलाही सेनेत म्हणू लागले. ‘इत’ म्हणजे बाप, तसाच आजा आणि पूर्वजही. तुतनखामुनने एका दगडी सिंहावर तिसऱ्या आमेनहोतेपला आपला ‘बाप’ म्हटलं आहे, आणि त्या एका शब्दावरून विद्वान कितीतरी वर्षं भांडले. आपण चुलतसासू आणि मावससासू वेगळ्या करणारी माणसं. मामी, काकू, आत्या, मावशी यांना एकाच शब्दात गोळा करणं आपल्याला जमणारच नाही. म्हणून इजिप्तमधलं ‘बहीण’ वाचताना आपण नकळत त्यात मराठीतली सख्खी बहीण भरतो. नेफर्तितीच्या माहेरची जी एकच व्यक्ती निश्चित माहीत आहे, ती मुतबेनरेत. अमार्नाच्या थडग्यांत ती दोन बुटक्या सेवकांसोबत चालताना दिसते, आणि तिच्या नावापुढे लिहिलं आहे: पट्टराणीची सेनेत. सख्खी, सावत्र की चुलत, ते त्या शब्दात नाही.

यावर मला नेहमी एक उत्तर ऐकू येतं. तेहतीसशे वर्षांपूर्वीची बाई, चुकीचं नाव लागलं तर कुणाचं काय बिघडलं? पुढचं संशोधन चूक सुधारेल.

बिघडतं, आणि कसं बिघडतं त्याचा पुरता दाखला याच घराण्यात आहे. अमार्नाच्या दक्षिणेला मारू-आतेन नावाचं एक उद्यान होतं, तळी आणि मंडप असलेलं. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ते खणलं तेव्हा तिथल्या दगडांवर एका राणीचं नाव खरवडून त्या जागी थोरल्या राजकन्येचं, मेरितातेनचं नाव कोरलेलं आढळलं. खरवडलेलं नाव नेफर्तितीचंच असणार, असं धरलं गेलं. त्यावरून कहाणी तयार झाली: नवऱ्याशी बिनसलं, नेफर्तिती मर्जीतून उतरली, राजधानीच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहू लागली. काही पिढ्या ही कहाणी पुस्तकांतून इतिहास म्हणून शिकल्या. पुढे खरवडलेल्या अक्षरांच्या खुणा पुन्हा बारकाईने वाचल्या, तेव्हा खालचं नाव निघालं कियाचं. ‘राजाची अत्यंत प्रिय पत्नी किया.’ कोरीव चित्रांतही तिच्या टोपाच्या कडा नव्या डोक्याखाली अजून दिसतात. नेफर्तितीचं काहीच बिनसलं नव्हतं. दोन बायकांवर एकदमच अन्याय झाला. एकीवर नसलेला अपमान लादला, आणि दुसरीचं अस्तित्वच पुसलं गेलं होतं, ते आणखी काही दशकं पुसलेलंच राहिलं.

त्या कहाणीतला शेवटचा खिळा एका खाणीत सापडला. अमार्नाच्या उत्तरेला देर अबू हिन्निस इथे चुनखडीच्या जुन्या खाणी आहेत. तिथे बेल्जियन अभ्यासकांना भिंतीवर लाल शाईत लिहिलेल्या पाच ओळी मिळाल्या, आणि २०१२ मध्ये त्या जाहीर झाल्या. खाणकामाची नोंद ठेवणाऱ्या कुणा कारकुनाने तारीख घातली होती: वर्ष १६, पुराच्या ऋतूतला तिसरा महिना, १५ वा दिवस. पुढे राजाचं नाव, आणि त्याच्या जोडीला ‘पट्टराणी, त्याची प्रिया, नेफरनेफरुआतेन नेफर्तिती’. अखेनातेनने राज्य केलं सतरा वर्षं. म्हणजे राजवट संपायला एखादं वर्ष उरलं असताना नेफर्तिती जिवंत होती आणि पट्टराणीच्या पदावर होती. बाराव्या वर्षानंतर ती मेली, हाकलली गेली किंवा साथीत गेली, असं ठामपणे लिहिणारे सगळे ग्रंथ त्या कारकुनाच्या पाच ओळींनी मागे पडले. मला तो कारकून फार मोलाचा वाटतो. त्याला काही सिद्ध करायचं नव्हतं.

याहून गंभीर गोष्ट मेकेतातेनची. ती अखेनातेन आणि नेफर्तितीची दुसरी मुलगी, दहा-बारा वर्षांच्या आसपास वारली. अमार्नाच्या राजथडग्यात तिच्या मृत्यूचं चित्र आहे. आईबाप रडताहेत, अखेनातेनने नेफर्तितीचा हात धरला आहे, आणि खोलीबाहेर एक बाई तान्हं मूल घेऊन चालली आहे, मागे पंखा धरणारे सेवक. त्या मुलाजवळचा मजकूर फुटलेला आहे. एवढ्यावरून कित्येकांनी लिहिलं की मेकेतातेन बाळंतपणात गेली आणि मूल तिच्या बापाचं होतं. दुसऱ्या अभ्यासकांच्या मते ते मूल म्हणजे मेकेतातेनचाच पुनर्जन्म घेतलेला आत्मा आहे, इजिप्शियन श्रद्धेला धरून. काहींना त्यात तुतनखामुन दिसतो. मी चित्राच्या तज्ज्ञांत बसत नाही. पण एका शाळकरी वयाच्या मुलीच्या देहाबद्दल, तिच्या बापाबद्दल, इतकी भयंकर गोष्ट फुटक्या ओळींच्या आधारावर ठासून सांगायची, आणि ती मेलेली आहे म्हणून चालतं असं म्हणायचं, हे मला मान्य नाही. मेलेल्या माणसाला बदनामीचा दावा लावता येत नाही. म्हणूनच लिहिणाऱ्याने दुप्पट सांभाळून लिहायला हवं.

धाकटीबाबत हेच चाललं आहे. तिच्या गालावरच्या जखमेवरून ‘राणीचा खून’ झाला. आधी ती जखम थडगी फोडणाऱ्या चोरांची समजत, नंतर हवास यांच्या पथकाने सीटी स्कॅनवरून ती मरणापूर्वीची असल्याचं म्हटलं. एवढ्यात खुनी, कारण आणि कटसुद्धा तयार झाले. भावाबहिणीच्या लग्नामुळे तुतनखामुन लुळापांगळा जन्मला, असं शाळकरी मुलंही सांगतात. आणि ज्या बाईच्या माथी हे सगळं मारलं, ती कोण हे ठरलेलंच नाही.

कुणी म्हणेल, इजिप्शियन लोकांसाठी नाव म्हणजे माणसाचा एक भागच होता. नाव उच्चारलं की माणूस परलोकात जगतो, नाव खोडलं की तो नाहीसा होतो. मग या बिचाऱ्या बाईला काहीतरी नाव देणं हे पुण्याचंच काम नाही का? हा आक्षेप मला खरोखर विचार करायला लावतो, कारण त्यात कळवळा आहे. पण केव्ही ५५ मध्ये काय सापडलं ते आठवा. तिथली शवपेटी मुळात कियासाठी घडवलेली होती. तिच्यावरचा मजकूर बदलून ती एका पुरुषासाठी वापरली. आतडी ठेवायच्या बरण्याही कियाच्याच, त्यांच्यावरची तिची अक्षरं घासून काढलेली. त्या थडग्यात तियेच्या नावाची सोन्याने मढवलेली लाकडी मखरही होती. १९०७ मध्ये ते थडगं उघडणारे थिओडोर डेव्हिस यांनी ती मखर पाहून आत तियेच आहे असं ठरवलं. हाडं पुरुषाची आहेत असं एलियट स्मिथ यांनी सांगितल्यावरही १९१० मध्ये त्यांनी पुस्तक छापलं ते ‘राणी तियेचं थडगं’ याच नावाने. प्राचीन काळी छिन्नीने जे केलं, तेच विसाव्या शतकात छापखान्याने केलं: एकाच्या देहावर दुसरीचं नाव. धाकटीवर आपण अंदाजाने नेफर्तिती लिहिलं आणि ती नेबेताह निघाली, तर नेबेताहला आपण त्याच रीतीने पुसून टाकलं. पुण्य यात कुठे आलं?

आपल्या घरी बघा. आमच्या वंशावळीत माझ्या पणजीच्या नावापुढे सासरचं नाव आहे, माहेरच्या रकान्यात रेघ आहे. लग्नात नाव बदललं, माहेरचं गाव प्लेगात रिकामं झालं, सांगणारं कुणी उरलं नाही. एका उत्साही नातेवाइकाने मध्यंतरी त्या रेघेवर एका जवळपासच्या घराण्याचं आडनाव लिहून टाकलं, ‘बहुतेक तेच असणार’ म्हणून. पुढच्या प्रतीत ‘बहुतेक’ गळलं. आज त्या घराण्यातली मंडळी आम्हाला भाऊबंद म्हणून लग्नपत्रिका पाठवतात. कुणाचं वाईट झालं नाही, माणसं प्रेमळ आहेत. पण पणजीचे खरे आईबाप कुणी शोधायला निघालं तर त्याला आता आधी ही रेघ परत मिळवावी लागेल.

नाव बदलण्याचा हा प्रकार त्या राजघराण्यातही मुबलक होता. अखेनातेनची मुलगी आणि पुढे तुतनखामुनची राणी झालेल्या अंखेसेनपातेनची अंखेसेनामुन झाली. नेफर्तितीने नावापुढे नेफरनेफरुआतेन जोडलं, आणि याच नावाने पुढे राज्य करणारी स्त्री-राजा म्हणजे तीच की मुलगी मेरितातेन, यावर अजून एकमत नाही. परदेशी दप्तरांनी तर गोंधळात भरच घातली. इजिप्तच्या एका विधवा राणीने आजच्या तुर्कस्तानात राज्य करणाऱ्या हित्ती राजा सुप्पिलुलिउमाला पत्र पाठवलं होतं: माझा नवरा वारला, मला मुलगा नाही, तुला मुलगे पुष्कळ आहेत म्हणतात, एक पाठव, मी त्याला नवरा करीन, आपल्याच नोकराशी मी लग्न करणार नाही. हित्ती लेखकाने तिचं नाव लिहिलं ‘दाहामुंझू’. ते नाव नव्हेच, ‘राजाची बायको’ या इजिप्शियन शब्दांचा तो उच्चार आहे. इतक्या धीटपणे बोललेली बाई, तिचे शब्द आपल्यापर्यंत आले, आणि तिची ओळख नवऱ्याच्या पदापुरतीच उरली. बहुतेक जण तिला अंखेसेनामुन मानतात, काही नेफर्तिती, काही मेरितातेन.

मग पुरावा पुरेसा केव्हा म्हणायचा? त्याचा नमुना धाकटीच्या शेजारीच होता. तुतनखामुनच्या थडग्यात एकात एक बसणाऱ्या छोट्या शवपेट्या मिळाल्या. सगळ्यात आतली हातात मावेल एवढी, तिच्यावर तियेचं नाव, आणि आत केसांची एक वेणी. १९७० च्या दशकात त्या केसांची थोरल्या बाईच्या केसांशी तुलना झाली, ते जुळले. तरी शंका घेणारे थांबले नाहीत, आणि ते बरंच झालं. मग २०१० मध्ये थोरलीचे आकडे युया-थुया यांच्याशी आईबाप म्हणून जुळले, आणि युया-थुया त्यांच्याच नावाच्या थडग्यात, त्यांच्याच शवपेट्यांत मिळालेले. इथेही त्याच आठ जागा होत्या, पण त्या एकट्या उभ्या नव्हत्या. कोरलेलं नाव, राखलेले केस, नावानिशी सापडलेले आईबाप, असे तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेले पुरावे एका ठिकाणी मिळाले. धाकटीच्या बाबतीत वाट एकच आहे, आणि तीही नीट न तपासलेली.

ती तपासणं आज शक्य आहे. जुन्या डीएनएचं तंत्र २०१० नंतर कितीतरी पुढे गेलं. आता आठ जागांऐवजी लाखो जागा वाचता येतात, आणि सख्खी भावंडं व पिढ्यान्‌पिढ्यांची आते-मामे भावंडं यांतला फरक बऱ्याच खात्रीने सांगता येतो. इजिप्त सरकारने आपल्या पूर्वजांच्या देहांवर परक्यांना हात लावू देताना हात आखडता घ्यावा, हे मी समजू शकते. त्या देशाने वसाहतीच्या काळात फार गमावलं आहे. १९१२ मध्ये अमार्नात सापडलेला नेफर्तितीचा रंगीत अर्धपुतळा अजून बर्लिनमध्येच आहे. पण स्वतंत्र तपासणी म्हणजे परक्यांची तपासणी असं नाही. कैरोतल्याच दुसऱ्या प्रयोगशाळेत, इजिप्शियन शास्त्रज्ञांच्याच हातून, वाहिनीच्या पैशाविना ती होऊ शकते. अट एवढीच की मूळ आकडे आणि पद्धत सगळ्यांना पाहायला खुली ठेवावीत.

संग्रहालयांनी पाटीवर काय लिहावं, याचंही उत्तर अवघड नाही. ‘स्त्री, वय सुमारे २५ ते ३५. केव्ही ३५ मध्ये सापडली. डीएनए चाचणीनुसार तुतनखामुनची आई असण्याची शक्यता. चाचणीवर मतभेद आहेत. नाव अज्ञात.’ अशी पाटी वाचून प्रेक्षक परत फिरतील, हे मला पटत नाही. ‘नाव अज्ञात’ वाचल्यावर माणूस काचेपाशी जरा जास्तच थांबतो. वर्तमानपत्रांना आणि आपल्याकडच्या मराठी संकेतस्थळांनाही हेच लागू आहे. बातमी लिहिताना ‘सापडली’ आणि ‘असावी’ यांतला फरक मथळ्यात टिकवायला एका शब्दाची जागा लागते.

३ एप्रिल २०२१ रोजी कैरोत मोठी मिरवणूक निघाली. तहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयातून २२ ममी फुस्तातच्या नव्या संग्रहालयात नेल्या, १८ राजे आणि ४ राण्या, प्रत्येकासाठी सोनेरी सजवलेली वेगळी गाडी आणि गाडीवर नाव. त्यात तियेची गाडी होती. जमिनीवर नावाविना सापडल्यापासून ते नाव परत मिळेपर्यंत थोरलीला ११२ वर्षं लागली होती. धाकटी त्या बाविसांत नव्हती. कधीतरी तिचीही गाडी निघेल, आणि त्या गाडीवरचं नाव तिचं स्वतःचं असायला हवं. तोवर ६१०७२.